पदराचं वजन

मराठीत ‘चंदेरी’ म्हटलं की चांदीच्या रंगाचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ग्वाल्हेरच्या मराठी घरात मात्र या शब्दासरशी कपाट उघडतं. चंदेरी हे पूर्वीच्या शिंदे संस्थानातलं, आताच्या अशोकनगर जिल्ह्यातलं विणकरांचं गाव. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत लग्नाच्या नऊवारीला माल तिथलाच लागे.

तेव्हा साडीची पत तोळ्यावर ठरायची. रंगाची चौकशी मागाहून, पदरात जर किती हे आधी. आणि ते विचारण्यात अर्थ होता. खऱ्या जरीसाठी चांदीची तार ओढून ओढून केसासारखी करतात, चपटी करतात, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा चढवतात. सोनं नावापुरतं, वजन चांदीचं. त्यामुळे साडी विरली तरी काठाला गिऱ्हाईक असे. जुनी जर घेणारा काठ-पदर कापून जाळतो, राख धुतो, उरलेला चुरा टाकणखार घालून मुशीत वितळवतो आणि चांदीची गोळी काट्यावर ठेवतो. अडीअडचणीला मोडता येईल अशी चैन! आपल्या लोकांनी हौससुद्धा हिशेबात बसवली होती.

गंमत म्हणजे चंदेरीचं कौतुक मुळात वजनाचं नव्हतंच. ती तलम सुती कापडाची पेठ. रेशमाचा ताणा, म्हणजे उभा धागा, आला तो 1930 च्या दशकात. आजही ताणा रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा, ही तिची नेहमीची ओळख. हे रेशीम उकळून त्याचा डिंक काढलेला नसतो. अंगचा डिंक तसाच राहिल्याने धागा ताठ आणि सुटा राहतो, म्हणून कापडातून पलीकडचं दिसतं आणि नेसल्यावर साडी अंगाला चिकटत नाही. घरी कढत पाण्यात साबण लावून धुतली की नेमका हा डिंकच निघून जातो. साडी लुळी पडते, आणि बोल लागतो दुकानदाराला. पहिल्या एक-दोन धुण्या ड्रायक्लीनच्या कराव्यात, पुढे गार पाणी आणि रिठा. पिळायचं नाही.

जड जरीचं दुखणं वेगळं. तार धातूची, धागा रेशमाचा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर साडी पडून राहिली की तार आतल्या आत रेशीम कापते. मग हळदीकुंकवाला काढलेली साडी घडीवर सरळ रेषेत उलते, कुणी पट्टी धरून फाडावी तशी. म्हणून तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची. धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. डांबराची गोळी जरीला टेकली तर जर काळवंडते. लवंगा किंवा कडुनिंबाचा सुका पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा. अत्तर नेसण्याआधी लावावं, साडीवर नव्हे.

आता ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या बाजारात जाणती गिऱ्हाईक साडी हातात आली की पदर बघत नाही, साडी उलटी करते. जर कमी असली तरी चालते, नसली तरी चालते, हातमागाची हवी. उलट बाजू खोटं बोलत नाही. चंदेरीची बुट्टी विणताना प्रत्येक बुट्टीचा धागा वेगळ्या तिल्लीवर, म्हणजे धागा गुंडाळायच्या छोट्या काडीवर असतो. पन्ह्यात तीस बुट्ट्या तर तीस तिल्ल्या, आणि प्रत्येक ओळीला त्या हाताने एकेक करून फिरवायच्या. धागा बुट्टीपुरताच जातो आणि तिथूनच परततो, म्हणून मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ. यंत्रमागावरच्या नकलेत धागा सहसा एका बुट्टीकडून दुसरीकडे लोंबत जातो आणि मागून कातरलेला असतो. बोट फिरवलं की टोकं टोचतात. शंका असेल तर काठाचा एक सुटा धागा काढून जाळावा. वितळून टणक मणी झाला तर ती जर पॉलिस्टरची.

ही नवी आवड सगळी सुरुचीची आहे असं मानायचं कारण नाही. चांदी महागली, तेव्हा ‘साधेपणातच खरी श्रीमंती’ हे वाक्य व्यापाऱ्यांनाही सोयीचं पडलं. भौगोलिक मानांकन 2005 मध्ये मिळालं, तरी त्याच नावाने यंत्रमागाचा माल राजरोस विकला जातो, आणि घेणाऱ्यांतल्या कित्येकांना ‘हातमाग’ ही चिठ्ठी पुरते. तिल्ल्यांपर्यंत कोण जातंय!

बदललं ते मोजायचं माप. पूर्वी चांदी किती ते विचारत, आता दिवस किती लागले ते विचारतात. साध्या काठाची साडी मागावरून काही दिवसांत उतरते. भरगच्च बुट्ट्यांची असेल तर पंधरवडा, कधी त्याहून जास्त. चंदेरीच्या जुन्या बुट्ट्यांपैकी एकीचं नावच अशर्फी, म्हणजे सोन्याचं नाणं. पूर्वी ती जरीतच भरत. हल्ली तीच गोल अशर्फी पांढऱ्या सुतात भरलेली मागतात, आणि ती काट्यावर टाकली तर सराफ नुसता बघत राहील.