तुम्ही विचारलंत म्हणून: नाना हसत का नाहीत

"नानांना एकदा तरी हसताना काढा ना." नाना नावाच्या चिडक्या म्हाताऱ्याची ही चित्रमालिका इन्स्टाग्रामवर टाकायला लागले तेव्हापासून ही फर्माईश थांबलेली नाही. जोडीला दुसरा प्रश्न असतोच: नाना म्हणजे तुमचे वडील का? दोन्हींना मी आजवर बगल देत आले. "असा म्हातारा प्रत्येक सोसायटीत असतो," एवढं बोलून विषय बदलायचा. आता मात्र सरळ सांगते.

नाना काल्पनिक आहेत. राग अप्पांचा आहे, माझ्या वडिलांचा.

अप्पा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. उभ्याउभ्या केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचा, उलटी ओळ सुलट वाचायची. कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, म्हणजे डीटीपी, आली तसं जुळाऱ्यांचं काम संपलं आणि अप्पा बाइंडिंगला गेले, तिथूनच निवृत्त झाले. पण नजर जुळाऱ्याचीच राहिली. आजही पेपर उघडला की हातात बॉलपेन लागतं. दुकानाच्या पाटीवर 'शुद्द तूप' दिसलं तर आत शिरून मालकाला सांगितल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. नानांचं पाट्यांवरून, व्हॉट्सॲपवरच्या मराठीवरून जे चालतं ते सगळं तिथून आलेलं.

पण मालिका त्यासाठी सुरू झाली नाही. ती हयातीच्या दाखल्यापायी सुरू झाली.

अप्पांना कर्मचारी पेन्शन योजनेतून पैसे मिळतात. या योजनेत 2014 पासून किमान पेन्शन हजार रुपये आहे, अप्पांची त्याहून थोडीच जास्त. ती चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्या वर्षी आम्ही बँकेत गेलो, टोकन घेतलं, नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने अंगठा ठेवायचं छोटं यंत्र पुढे सरकवलं. अप्पांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. "पुसून ठेवा काका." लाल. "जरा ओला करून बघा." लाल. दुसरा अंगठा, मग एकेक बोट. खिळे आणि कागद हाताळून झिजलेली ती बोटं, वर वयाची कोरडी कातडी. रेषा उरल्यात कुठे? मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "आजोबांना बसवा बाजूला, आमचं होऊ दे." मग त्या मुलाने अप्पांवरची नजर काढली आणि मला विचारलं, "यांचा दुसरा काही पुरावा आहे का?"

अप्पा म्हणाले, "मी उभा आहे की इथे."

"तसं चालत नाही काका."

"तुझ्या यंत्राला दिसत नसेन. तुला दिसतोय ना?"

"मला दिसून उपयोग नाही."

तो उर्मटपणे बोलला नाही, हे मुद्दाम लिहिते. दमलेला पोरगा होता. समोरच्या स्क्रीनवर हिरवी खूण आल्याशिवाय त्याच्या हातात काहीच नव्हतं आणि ते त्याने खरं सांगितलं. पण त्यानंतर अप्पा जे ओरडले, तसं मी त्यांना घराबाहेर कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. आवाज फाटला, मान थरथरायला लागली. रांगेतले काहीजण हसले. एकाने मोबाइल वर धरला. दुपारी मॅनेजर आले, त्यांनी कागदी फॉर्म भरून घेतला, सही केली, काम झालं. घरी येताना रिक्षात अप्पा अवाक्षर बोलले नाहीत. अंगठा तेवढा बोटांवर घासत राहिले.

त्या रात्री मी पहिल्या चार चौकटी काढल्या. रांगेत हसलेल्या लोकांना मला तो माणूस पुन्हा दाखवायचा होता, आणि या वेळी शेवटचं वाक्य त्याचं हवं होतं.

म्हणून 'म्हाताऱ्यांची टिंगल करता' हा आरोप मला झोंबतो. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणांच्या कॉमन मॅनशी तुलना होते तीही मला पटत नाही. 1951 पासून तो माणूस सगळं बघत राहिला आणि कधी एक शब्द बोलला नाही. ती त्याची ताकद होती. नानांना गप्प ठेवलं तर उरतं काय? त्या काउंटरवर अप्पांकडे आवाजाखेरीज दुसरं काही नव्हतं.

हे मी मोठ्या खात्रीने म्हणायचे, पण एकदा आईने सगळे भाग सलग वाचले. तिने विचारलं, "बँकेत ओरडले ते तुला दिसलं. घरात ओरडायचे ते?"

खरं आहे तिचं. अप्पांचा राग काही यंत्रांनी शिकवला नाही. आमटीत मीठ कमी पडलं, पाहुण्यांसमोर आई मधेच बोलली, एवढंही पुरायचं. तिथे कुठला लाल दिवा होता? आणि सुनेने बाहेरून जेवण मागवलं म्हणून नाना तिला सुनावतात, तो भाग तुम्ही सगळ्यात जास्त उचलून धरलात. मला तो आज बघवत नाही. तरी काढून टाकलेला नाही, कारण नाना तसेच वागतील. दोन्ही राग एकाच माणसाचे. बँकेतला खरा आणि घरातला खोटा असं मला म्हणता येत नाही, आणि घरातल्या रागापायी बँकेतला पुसूनही टाकता येत नाही. आईसारखं कुणी मालिकेत का नाही, असं विचाराल, तर तिला काढायला बसले की नाना छोटे होतात आणि मी थांबते. हे बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही.

2021 मध्ये चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय झाली. आता मी घरीच मोबाइल धरते, ॲप सांगतं तशा अप्पा पापण्या मिटतात. बरं झालं, त्रास वाचला. ज्यांच्या घरी मोबाइल धरणारं कुणी नाही ते काय करतात, हा प्रश्न अप्पांचा.

पुढच्या आठवड्याचा भाग रेल्वेचा आहे. साठीनंतर पुरुषांना तिकिटात 40 टक्के आणि अठ्ठावन्ननंतर बायकांना 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये करोनाच्या नावाखाली थांबवली. एसटीने 2022 मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट केला, रेल्वेची सवलत मात्र नंतरही कित्येक वर्षं बंदच राहिली. नाना तिकीट खिडकीशी उभे राहून हेच विचारणार आहेत, मोठ्याने. या भागातही ते हसणार नाहीत.