जमिनीवर एक थेंब नाही, तरी तेल कमी

मोठ्या काकांची १९६८ सालची मरून रंगाची जावा २५० मोटारसायकल नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीत जवळजवळ वीस वर्षे उभी होती. काका गेल्यावर काकूंनी ती माझ्या स्वाधीन केली, तेव्हा माझ्या मनात दुरुस्तीपेक्षा सुधारणांचीच यादी मोठी होती. सहाऐवजी बारा व्होल्टचे वायरिंग, ठिणगीची वेळ साधणारे यांत्रिक पॉइंट काढून सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि नवा कार्ब्युरेटर एवढे केले की गाडी रोज चालवण्याजोगी होईल, असे मी धरून चाललो होतो. पुढच्या चौदा महिन्यांत त्या यादीतील जवळजवळ प्रत्येक ओळ मला खोडावी लागली, आणि गाडी रस्त्यावर आली ती यादीत नसलेल्या गोष्टींमुळे.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी चालू झाली, पण सायलेन्सरमधून इतका दाट पांढरा धूर निघाला की शेजारच्या दुकानदाराने शटर अर्धे ओढून घेतले. तिथल्या कारागिराने पिस्टनच्या रिंगा गेल्याचे सांगितले, सिलिंडरचा ब्लॉक लेथवर पाठवून बोअर केला, म्हणजे आतली पोकळी मोठी केली, आणि अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवला. धूर मात्र तसाच राहिला. सिलिंडरचा बोअर अशा मोजक्याच वेळा वाढवता येतो आणि त्यांतील एक संधी माझ्या गाडीने विनाकारण गमावली, याची खंत आजही आहे. पैशांपेक्षा ती अधिक बोचते.

त्यानंतर मी मोमिनपुऱ्यातील एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी गाडीला हातही न लावता एकच प्रश्न विचारला, “भाऊ, गिअरबॉक्समंदी तेल किती टाकलं होतं?” मी एक लिटर म्हणालो. “मग काढून मोजा ना जी.” तेल काढून मोजले, तर सहाशे मिलिलिटरच्या आसपास भरले. गाडी ज्या फरशीवर उभी असे तिच्यावर तेलाचा एक डागही नव्हता, आणि गाडी चालली होती जेमतेम साठ किलोमीटर. उरलेले तेल धूर होऊन गेले होते.

कारण समजून घेतल्यावर टू-स्ट्रोक इंजिनाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. या इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखाली क्रँक जिथे फिरतो त्या बंद पेटीत, जाते. पिस्टन वर जाताना तिथे ओढ निर्माण होते आणि खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन वरच्या बाजूला ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हा एक प्रकारचा पंपच आहे, आणि पंपाला गळती चालत नाही. जावामध्ये क्रँकच्या डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच गिअरबॉक्सच्याच तेलात फिरतात, तर उजव्या बाजूला डायनॅमो असतो. दोन्ही बाजूंना क्रँकभोवती ऑइल सील म्हणजे रबरी कडे असते. डावे सील कडक होऊन तडकले की इंजिन गिअरबॉक्सचे तेल आत ओढून जाळते. उजवे गेले की तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग खाली येत नाही. माझ्या गाडीला दोन्ही लक्षणे होती. दुसरे लक्षण मी आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू बिघडल्याचे समजत होतो. गाडी चालल्याने सील जितके झिजते, त्याहून अधिक ते वर्षानुवर्षे उभ्या गाडीत वाळून खराब होते, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती.

सील बदलायचे म्हणजे इंजिन पूर्ण खोलून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करणे आले. चाचांनी हे काम हातोडीने करू दिले नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे क्रँककेस शंभर अंशांच्या आसपास तापवले की बेअरिंग जवळजवळ आपोआप निघते; बसवताना केस तापवायचे आणि बेअरिंग थंड करायचे. काम मे महिन्यात चालले होते, म्हणून केस गच्चीवर उन्हात ठेवू का, असे मी गमतीने विचारले. पण नागपूरचे ऊनही त्याला पुरे पडत नाही. शेवटी केस त्यांच्या भट्टीत तापले आणि नवी बेअरिंगे आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर मटारांच्या पिशवीशेजारी राहिली. सील मात्र मी जुन्या पद्धतीचे न घेता फ्लुओरो रबरचे, दुहेरी ओठाचे घेतले. यादीबाहेरची ही पहिली सुधारणा.

दुसरी सुधारणा पेट्रोलने करायला लावली. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, जुन्या प्रकारचे रबर फुगवते, आणि त्याच्यात मुळातच प्राणवायू असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि पंचेचाळीस अंशांच्या दुपारी टू-स्ट्रोक इंजिनात जास्त उष्णता म्हणजे पिस्टन जाम होण्याची भीती. म्हणून पेट्रोलची नळी बदलली, मेन जेट एक क्रमांकाने मोठा घातला आणि मिश्रण जमल्याची खूण म्हणून स्पार्क प्लगचा रंग बदामी येईपर्यंत वर्धा रोडवर पहाटे चकरा मारल्या. लिटरला चाळीस मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल हे जुने प्रमाणच ठेवले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करतो.

बारा व्होल्टचा हट्ट मी सर्वांत शेवटी सोडला. हेडलाइट अंधूक होता हे खरे. पण मल्टिमीटर लावल्यावर बल्बपाशी जेमतेम पाच व्होल्ट पोहोचत असल्याचे दिसले. बारा व्होल्टच्या गाडीत वाटेत एक व्होल्ट गळला तर बारावा हिस्सा जातो. सहा व्होल्टच्या गाडीत तोच एक व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा. शिवाय तितक्याच वॅटसाठी सहा व्होल्टला दुप्पट करंट वाहावा लागतो, त्यामुळे बारीक तारा आणि गंजलेले अर्थिंग तिथे दुपटीने नडतात. आधीच्या रंगाऱ्याने फ्रेमवर जाड पावडर कोटिंग करताना अर्थिंगची जागाही रंगवून टाकली होती! तो रंग खरवडला, जाड तारांचे नवे वायरिंग ओढले, डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलले आणि जुन्या यांत्रिक रेग्युलेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला. पॉइंटचे अंतर ०.४ मिलिमीटर ठेवल्यावर गाडी दुसऱ्या किकला चालू होऊ लागली, तेव्हा सीडीआयचा विषय आपोआप मिटला. डिस्क ब्रेकविषयी चाचा फक्त हसले होते. ड्रम गोल करून नवे लायनर लावल्यावर ब्रेक पुरेसा लागतो, फक्त पुढच्या वाहनापासून अंतर जास्त ठेवावे लागते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, म्हणून थोडक्यात सांगतो. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील विंटेज नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क वीस हजार आणि मुदत दहा वर्षे. परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मला ती रविवारी तरी चालवायची होती, म्हणून मी नोंदणीचे साधे नूतनीकरणच निवडले. आधी काकांच्या मृत्यूमुळे करावयाचे हस्तांतरण, त्यासाठी नमुना ३१ आणि वारसांची प्रतिज्ञापत्रे. मग नूतनीकरणाचा नमुना २५, विलंब शुल्क, पर्यावरण कर आणि तपासणी. चेसिस क्रमांकाचा पेन्सिल ठसा घेताना त्याच पावडर कोटिंगखाली अंक बुजलेले निघाले, आणि ते रंगकाम पुन्हा खरवडावे लागले. नूतनीकरण पाच वर्षांचे मिळाले.

डिसेंबरमध्ये रामटेकला जाऊन आलो. जाताना मनसरपाशी थांबून गाडी थंड होऊ दिली. गरज नव्हती, माझा धीर होत नव्हता एवढेच. शंभरएक किलोमीटरनंतर घरी आल्यावर गिअरबॉक्समध्ये तेल ओतण्याच्या भोकातून स्वच्छ तार घालून पाहिली. निघताना तारेवर खिळ्याने जिथे खूण केली होती, तेल तिथपर्यंतच होते.