पळून जायचं, पण रीतसर

"पळून कशाला जायचं? आम्ही कुठे नाही म्हटलंय?"

आईचा पहिला प्रश्न हा. चूक माझीच होती. इथे अमेरिकेत ज्याला 'इलोपमेंट' म्हणतात त्याचं घाईघाईत मराठी करायला गेले आणि तोंडातून निघालं 'पळून जाऊन लग्न'. आमच्या सांगलीत या शब्दांबरोबर एसटी स्टँड, रात्रीची गाडी आणि कुणाचा तरी रागावलेला मामा आपोआप येतो. बाबांनी शांतपणे विचारलं, "मग आळंदीला का नाही? तिथे सोय असते."

त्यांना समजावलं की इथे आता या शब्दात कुणापासून पळणं उरलेलं नाही. रानात, डोंगरात किंवा वाळवंटात चार माणसांत लग्न करायचं, आणि त्याची तयारी चार महिने करायची. "चार महिने तयारी करून पळतात?" बाबा म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं कारण साधं होतं. आम्ही दोघेही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, राहायला सॅन होजेत. भारतात जाऊन लग्न करायचं तर परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग, आणि त्याची तारीख काही केल्या मिळेना. दोनदा कार्यालय धरलं, दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा माझ्या मनाने घेतलं की इथेच करू. आणि इथेच करायचं तर कुठल्याशा हॉलमध्ये सामोसे ठेवून कशाला, डेथ व्हॅली नावाच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात करू. आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र कुठे गेलो होतो तर तिथे. नाव अशुभ, हे आईला सांगितलंच नाही. नाशिकच्या सासूबाईंनी मात्र ते गूगलवर शोधलं. 'मृत्यूची दरी' हे भाषांतर त्यांच्याकडूनच आमच्या घरी पोचलं.

कागदपत्रांत आम्हाला पहिली ठेच लागणार होती ती थोडक्यात टळली. डेथ व्हॅलीला जाणारे बहुतेक लोक लास व्हेगासला विमानाने उतरतात, तिथून दोन तासांचा रस्ता. व्हेगासमध्ये लग्नाचा परवाना मिळणं म्हणजे पानाच्या टपरीवर पान मिळण्याइतकं सोपं. ऑफिस मध्यरात्रीपर्यंत उघडं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आम्हीही तेच ठरवलं होतं. मग मित्र म्हणाला, "अरे, पण तो परवाना नेवाडाचा. पार्क कॅलिफोर्नियात आहे." नेवाडाचा परवाना फक्त नेवाडात चालतो. पार्कचा एक तुकडा नेवाडात आहे म्हणा, पण आम्हाला हवी ती जागा कॅलिफोर्नियाच्या इन्यो काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात. म्हणजे व्हेगासचा कागद घेऊन तिथे उभे राहिलो असतो तर फोटो सुंदर आले असते आणि लग्न झालं नसतं. उलट कॅलिफोर्नियात कुठल्याही काउंटीतून घेतलेला परवाना राज्यभर चालतो, 90 दिवस. म्हणजे आमच्याच सॅन होजेत काम होणार होतं.

कॅलिफोर्नियात परवाने दोन प्रकारचे. एक सार्वजनिक, त्याला निदान एक साक्षीदार लागतो. दुसरा गोपनीय. त्याला साक्षीदार नको, पण दोघं आधीपासून जोडप्यासारखे एकत्र राहत असावे लागतात, आणि तसं लिहून द्यावं लागतं. आम्ही राहत होतो. पण तो कागद पुढेमागे सांगलीच्या घरात कुणाच्या हातात पडणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी म्हटलं, सार्वजनिकच घेऊ, साक्षीदार शोधू.

अर्ज ऑनलाइन भरायचा, मग दोघांनी ओळखपत्रं घेऊन समक्ष जायचं. रविवारी सकाळी चहा घेत भरायला बसलो. माझं नाव, वडिलांचं जन्मनाव, आईचं जन्मनाव. तिथे अडकले. आईचं माहेरचं आडनाव मला माहीत होतं. पण लग्नात तिचं पहिलं नावही बदललं होतं, आणि ते जुनं नाव मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मामा तिला 'ताई' म्हणतो, आजी 'बाळ' म्हणायची. फोन केला. सांगलीत रात्रीचे अकरा वाजत आले होते. आई एकदम गप्प झाली. मग नाव सांगितलं. मग स्पेलिंग विचारलं तर म्हणाली, "इंग्रजीत कधी लिहिलंच नाही गं ते. तूच लाव."

माझ्या नावाचाही एक घोळ झाला. अर्जातच विचारतात, लग्नानंतर नाव काय ठेवणार? तिथे लिहाल ते पक्कं. नंतर मन बदललं तर या कागदावर दुरुस्ती नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, मग नवऱ्याचं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आडनावं फिरवता येतात, जोडता येतात, मधल्या नावाच्या जागी आडनाव घालता येतं, पण नवऱ्याचं पहिलं नाव उचलून मध्ये बसवायची सोय नाही. मी तसंही काही बदलणार नव्हतेच. पण सासूबाईंना "मला नको" असं सांगण्यापेक्षा "इथल्या कायद्यात बसत नाही" हे सांगणं फार सोपं गेलं. कायद्याचा एवढा उपयोग मला आयुष्यात झाला नाही.

दुसरा कागद पार्कचा. राष्ट्रीय उद्यानात लग्नविधी करायचा तर स्पेशल यूज परमिट लागतं, मग माणसं चार असोत की चाळीस. अर्जात जागा, वेळ, माणसं, गाड्या, बरोबर काय काय आणणार, सगळं लिहायचं. मी उत्साहाने अंतरपाटापासून सगळी यादी लिहिली आणि मग अटी वाचत एकेक गोष्ट खोडत गेले. जमिनीवर उघडा विस्तव नाही, म्हणजे होम बाद. मोठा स्पीकर नाही. ड्रोन तर सगळ्याच राष्ट्रीय उद्यानांत बंद. तांदूळ, फुलांच्या पाकळ्या, काहीही उधळायचं नाही. अक्षता नाहीत! आईला हे सांगताना मी शब्द जुळवत होते, ती म्हणाली, "मग चादर अंथरा आणि झटकून परत न्या. तुझ्या मावशीच्या लग्नात कार्यालयवाल्यांनी झाडायचे वेगळे पैसे घेतले होते, तेव्हा आम्ही तेच केलं."

जागा म्हणून मी बॅडवॉटर बेसिन लिहिलं होतं. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली, उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन, मैलोन् मैल पांढरं मीठ. गंमत अशी की ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळ आलं आणि ज्या दरीत वर्षभरात जेमतेम 2 इंच पाऊस पडतो तिथे एका दिवसात 2.2 इंच पडला. रस्ते वाहून गेले, पार्क दोन महिने बंद होतं. बॅडवॉटरवर तळं साचलं. नोव्हेंबरात अर्ज करताना मी म्हटलं, वाळवंटच आहे, फेब्रुवारीपर्यंत आटेल. तरी सुचलं म्हणून पर्यायी जागा लिहून ठेवली, मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या. हे एक काम मी त्या चार महिन्यांत खरोखर शहाणपणाचं केलं.

कारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा पाऊस आला आणि तळं आटायच्या ऐवजी भरलं. लोक तिथे कयाक चालवत होते, आणि पार्कची त्याला परवानगी होती. जिथे 1913 साली फर्नेस क्रीकला 56.7 अंश तापमान नोंदलं गेलं, त्या दरीत होड्या! नवरा म्हणाला, आपणही होडीत करू. मी नऊवारी नेसणार होते. विषय संपला.

तारीख 22 फेब्रुवारी, गुरुवार. शनिवार-रविवारी तळं बघायला झुंबड असणार म्हणून आडवार निवडला, आणि फेब्रुवारी यासाठी की दिवसा ऊन सोसवतं. एप्रिलनंतर तिथे नऊवारी नेसून उभं राहणं हे साहस नव्हे, अविचार. आईने पंचांग काढलं आणि तिचा आवाज चढला. "अगं, गुरुपुष्यामृत आहे त्या दिवशी! सोनं घे, लग्न कसलं करतेस? पुष्य लग्नाला वर्ज्य." परमिट तर हातात आलेलं. मी घाबरत हिशोब केला. लग्न सूर्योदयाला, आणि आमचा सूर्योदय म्हणजे तिथली संध्याकाळ, साडेतेरा तासांचा फरक. तोवर पुष्य संपलेलं! आईने पुन्हा पंचांग पाहिलं. "आश्लेषा लागते," ती म्हणाली, "पण निदान पुष्य नाही." एवढ्यावर मिटलं.

गुरुजी कोण? कॅलिफोर्नियात अठरा वर्षांवरचा कुठल्याही पंथाचा धर्माधिकारी लग्न लावू शकतो, आणि ऑनलाइन दीक्षा मिळते. बऱ्याच काउंट्या एका दिवसापुरता अधिकारही देतात, पण आमच्या मित्राला दीक्षेची हौस. चिप डिझाइन करणारा, कोथरूडचा, मुंजीनंतर जानवं कुठे ठेवलं हे न आठवणारा हा माणूस पाच मिनिटांत 'रेव्हरंड' झाला. त्याची बायको साक्षीदार. कायद्याला ठरावीक मंत्र किंवा शब्द लागत नाहीत. दोघांनी लग्न लावणाऱ्याच्या आणि साक्षीदाराच्या प्रत्यक्ष समोर एकमेकांना स्वीकारतो असं म्हणायचं, बस. ते कुठल्या भाषेत, हे कोणी विचारत नाही.

बुधवारी पहाटे निघालो. बेकर्सफील्ड, टेहाचापी, रिजक्रेस्ट. रिजक्रेस्टला टाकी भरून घेतली, पार्कात पेट्रोल आहे पण भाव ऐकून तहान लागते. पाण्याचे कॅन घेतले; माणशी दिवसाला चार लिटर धरायचं, हिवाळा असला तरी. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवले, कारण पुढे बहुतेक ठिकाणी नेटवर्क नाही. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर लग्न दाखवायचा बेत आधीच बारगळला होता. आई आणि काकूने मंगलाष्टका रेकॉर्ड करून पाठवल्या. मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला पार्कातल्या स्टोव्हपाइप वेल्सच्या खोलीत मित्राच्या बायकोने आणि मी यूट्यूबवरून नऊवारी नेसवली. यावर माझं ठाम मत असं की वाळवंटात चालायला नऊवारीसारखा पोशाख नाही. कासोटा घातला, खाली ट्रेकिंगचे बूट, वर लोकरी जाकीट, कपाळाला मुंडावळ्या आणि त्यावर हेडलॅम्प. थंडी होती, सात-आठ अंश असेल. वाहनतळाजवळची वाळू लोकांच्या पावलांनी चाळण झालेली असते. कोरी वाळू हवी तर मैलभर आत जावं लागतं. टेकडी चढताना दोन पावलं वर, एक खाली. आमचे रेव्हरंड दर दहा मिनिटांनी "अजून किती?" विचारत होते. रात्रीच्या वाऱ्याने सगळं पुसलेलं होतं, फक्त किड्यांच्या पायांची शिवण घातल्यासारखी बारीक रेघ इकडून तिकडे गेलेली.

सूर्योदय साडेसहाच्या आसपास, पण पूर्वेला डोंगर. आधी पश्चिमेची पॅनामिंटची शिखरं गुलाबी होतात, मग तो उजेड हळूहळू खाली उतरतो आणि सगळ्यात शेवटी आपल्यापर्यंत येतो. तो यायच्या आधी अंतरपाट धरला, बाबांचं उपरणं. एक टोक मित्राकडे, एक त्याच्या बायकोकडे. तेवढ्यात वारा सुटला. उपरण्याचं शीड झालं. अंतरपाट दूर व्हायच्या आधीच मला नवरा तीनदा दिसला. फोनवर काकू 'सावधान' म्हणत होती आणि आम्ही सगळे खरोखरच सावध होतो, चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार पाण्याचे कॅन ठेवून. सप्तपदीला तांदळाच्या राशी नव्हत्या, नुसती वाळू. सातव्या पावलाला माझा बूट घोट्यापर्यंत रुतला. मी मराठीत सांगितलं की याला नवरा म्हणून स्वीकारते, त्याने मराठीतच सांगितलं, आणि रेव्हरंडनी "झालं?" असं विचारून जाहीर केलं की झालं.

मग अर्धा तास वाळूतून उडालेल्या अक्षता वेचल्या. हे मी कुणाला सुचवणार नाही. सह्या गाडीच्या बॉनेटवर केल्या. पुरणपोळ्या गारच खाल्ल्या.

पुढचं काम टपालाचं. लग्न लावणाऱ्याने सही केलेला परवाना दहा दिवसांत काउंटीकडे परत पाठवायचा असतो. आमचे रेव्हरंड आठव्या दिवशीही तो बॅगेत घेऊन फिरत होते, नवव्या दिवशी मीच पाकीट चिकटवलं. मग प्रमाणित प्रती मागवल्या. एक प्रत राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, अपोस्टिल या सरकारी दाखल्यासाठी पाठवली, म्हणजे भारतातही तो कागद धरला जाईल. प्रतीमागे 20 डॉलर.

अपोस्टिल झालेली प्रत मी स्कॅन करून घरच्या ग्रुपवर टाकली. बाबांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. सासूबाईंनी विचारलं की त्या दरीचं नाव कागदावर आहे का. आईचा फोन तासाभराने आला. तिने मोठं करून पाहिलं होतं, खालच्या चौकटीत, माझ्या नावाशेजारी नव्हे, तिच्या.

"बरोबर लावलंस गं स्पेलिंग," ती म्हणाली.