एप्रिल, पणजी आणि हुर्राक

एप्रिलमध्ये गोव्यात येऊन बाटलीतली बिअर मागणाऱ्याचं मला नवल वाटतं. मेहुणे कोल्हापूरहून आले होते. म्हटलं, "भाऊजी, चला, आज हुर्राक. गोव्याची काजूची दारू."

फोंताइनस या पणजीच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीतलं ताव्हेर्न, म्हणजे छोटा दारूचा गुत्ता. चार टेबलं, भिंतीवर फुटबॉलचा जुना फोटो, आणि पंखा फक्त पात्रांवच्या, म्हणजे मालकाच्या, डोक्यावर. (तो पंखा गिऱ्हाइकाकडे वळलेला मी अजून पाहिलेला नाही.) त्याने कॅनमधून हुर्राक ओतली. त्यावर लिमका, मिठाची चिमूट, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची पाहून भाऊजी खूश! पण नाकाशी ग्लास नेताच दचकले. पिकलेल्या बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, तो वास पहिल्यांदा अंगावरच येतो.

बोंडू तुडवून निघालेला रस बाहेरचं यीस्ट न घालता आपोआप आंबतो. भट्टीवर त्याचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलची. पुन्हा भट्टीवर चढली की फेणी, चाळिशीच्या पुढची. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी वर्षानुवर्षं टिकते, हुर्राकला मात्र तेवढा दम नाही. ती हंगामातच प्यायची.

"गोड लागते की हो," म्हणत भाऊजींनी दुसरा ग्लास मागवला. मी चोरीस-पाव (मसालेदार डुकराचं गोवन सॉसेज पावात) मागवला. उपाशीपोटी हुर्राक उन्हासारखी चढते.

जूनमध्ये येऊन हुर्राक विचारू नका. तेव्हा पात्रांव फेणी देईल. ती सावकाश घ्या.