चौदावा दिवस, १:७२ : सूर्यास्त बाजूला, आता घोडे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय. महाभारत युद्धाच्या चौदाव्या दिवसाचा छोटा देखावा करतोय, १:७२ म्हणजे सगळं खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. मागच्या वेळी जयद्रथवधाचा क्षण करायचा म्हणून बेस (देखाव्याची खालची पाटी) कापला होता, कललेला सूर्य, गांडीव ताणलेला अर्जुन, सगळं डोक्यात पक्कं होतं. तो बेस आता भिंतीला टेकवून ठेवलाय. झालं असं की व्यूहाची मापं नीट काढावीत म्हणून द्रोणपर्वातला चौदावा दिवस परत पहिल्यापासून वाचायला घेतला आणि मधेच एका ठिकाणी असा अडकलो की पुढे सरकवेना.

आधी मापं सांगतो, स्केलवाल्यांना मजा येईल. द्रोणांनी त्या दिवशी चक्रशकट व्यूह (शकट म्हणजे गाडा) रचला, लांबी १२ गव्यूती, मागच्या बाजूला रुंदी ५ गव्यूती. गव्यूती म्हणजे दोन कोस. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरला तर लांबी झाली ७२ किलोमीटर, म्हणजे १:७२ ला बरोब्बर एक किलोमीटरचा बेस! त्या शकटाच्या मागच्या भागात पद्मव्यूह, त्याच्या पोटात सूचीव्यूह (सुईसारखी रचना), सुईच्या तोंडाशी कृतवर्मा आणि जयद्रथ पार मागे. त्याच्या राखणीला भूरिश्रवा, कर्ण, अश्वत्थामा, शल्य, वृषसेन, कृप, आणि या सहा जणांबरोबर ६० हजार रथ, १ लाख घोडे, १४ हजार हत्ती, २१ हजार पायदळ. एवढं सगळं भेदून एका रथाने दिवस मावळायच्या आत पोचायचं. इतकी वर्षं हे वाचताना मी अर्जुनाकडे बघायचो, कृष्णाकडे बघायचो, पण तो रथ चार घोडे ओढतायत आणि सकाळपासून ओढतायत हे कधी मनातच आलं नव्हतं.

तर तो प्रसंग. द्रोणांना प्रदक्षिणा घालून अर्जुन पुढे निघालाय, कृतवर्म्याशी झालं, श्रुतायुध स्वतःच्याच गदेने मेला, कांबोजांचा सुदक्षिण पडला, अवंतीचे विंद-अनुविंद पडले, दिवस कलायला लागलाय आणि जयद्रथ अजून लांबच. घोड्यांच्या अंगात बाण रुतलेत, ते दमलेत, तहानलेत. तेव्हा अर्जुन म्हणतो घोडे सोड, बाण काढ, यांना मी थोपवतो. आणि तो रथातून उतरून जमिनीवर पायी उभा राहतो, समोर सगळे रथी. कृष्ण म्हणतो इथे घोड्यांना पाणी नाही, त्यांना अंघोळ नको आहे, प्यायला पाणी हवंय. मग अर्जुन अस्त्राने जमीन फोडून तळं काढतो आणि वर बाणांचं घर उभं करतो. कृष्ण घोडे सोडून आत नेतो, स्वतःच्या हातांनी बाण उपसतो, अंग चोळतो, त्यांना लोळू देतो, पाणी पाजतो. घोडे न्हातात, चारा खातात, ताजेतवाने होतात, मग परत रथाला जुंपतो. आजूबाजूचं सैन्य हे सगळं नुसतं बघत राहतं.

हे वाचून पुस्तक मिटलं आणि जुन्या बेसवरची सगळी आखणी पुसली. माझ्यासाठी चौदावा दिवस म्हणजे आता हाच.

चार घोडे आहेत तर चौघांना चार टप्पे दिलेत. एकाच्या खांद्यातून कृष्ण बाण काढतोय, दुसरा पाठीवर लोळतोय, तिसरा पाण्यात मान घालून, चौथा चरतोय. एकाच वेळी चारही गोष्टी चालू असतील असं नाही पण बघणाऱ्याला डावीकडून उजवीकडे सगळा वेळ सरकताना दिसावा. लोळणारा घोडा सगळ्यात अवघड गेला. तसा तयार घोडा मिळणं शक्यच नव्हतं, मग उभ्या घोड्याचे पाय सांध्यांवर कापून, आत बारीक तार घालून, पुट्टीने परत भरले. दोनदा तोडला. घोडा लोळताना चारही पाय सारखे वर करत नाही, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाताना पुढचे पाय आखडलेले आणि मागचा एक ताणलेला असतो, हे खऱ्या घोड्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलं तेव्हा कळलं.

घोडे पांढरे. पांढऱ्यावर प्रायमरनंतर थेट पांढरा मारू नका, खडूसारखा दिसतो. मी राखाडी, त्यावर हाडाचा रंग, आणि शुद्ध पांढरा फक्त पाठीच्या कण्यावर, गालाच्या हाडावर आणि आयाळीच्या टोकांना दिला. नाकपुडीभोवती पातळ गुलाबी. मानेवर जू बसतं तिथे केस घासून गेल्यासारखा एक मळकट राखाडी पट्टा ओढलाय, छातीवरच्या पट्ट्याखाली घामाची कड, आणि जिथून बाण निघाला तिथे एकच गडद थेंब, खाली ओघळलेला. रक्ताचा वॉश (पातळ रंगाचा हात) सगळीकडे करायचा मोह आवरला. दुसऱ्या घोड्यावर केला होता, पुसून परत रंगवला. कृष्णाचा डावा पंजा घोड्याच्या खांद्यावर सपाट टेकलाय आणि उजव्या हातात बाण, अजून अर्धा आतच. तो डावा पंजा मला नीट जमलाय असं वाटतं, घोडा बिचकू नये म्हणून ठेवलेला हात दिसतो.

आता शरवेश्म, म्हणजे ते बाणांचं घर. महाभारतात त्याचं वर्णन चक्क बांधकामासारखं आहे, वासे बाणांचे, खांब बाणांचे, छप्परही बाणांचं. बाण तीन फुटी धरला तर १:७२ ला साडेबारा मिलिमीटर भरतो, आणि घोडा आत उभा राहून वर मोकळं वाटायला मला ४० मिलिमीटर उंची हवी होती. म्हणजे एका बाणाच्या मागे दुसरा रुतवत न्यायचं, तीन लांबी आणि वर थोडं. ब्रशचे जाड ताठ केस कापून वापरले, एका खांबाला सात-सात केसांची जुडी, असे सहा खांब. पिसं फक्त बाहेरून दिसणाऱ्या बाणांनाच लावली. छप्पर मुद्दाम विरळ ठेवलंय, म्हणजे वरून उजेड टाकला की आत घोड्यांच्या पाठीवर बारीक बारीक सावल्यांच्या रेघा पडतात. पहिल्यांदा टॉर्च धरून बघितलं तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो.

पाण्याने मात्र रडवलं. पाण्यासाठी पारदर्शक रेझिन वापरलंय, आठ मिलिमीटरचं तळं एकदम ओतलं, हार्डनर मोजताना घाई केली, चार दिवस झाले तरी वर बोट चिकटत होतं आणि धूळ बसून पृष्ठभाग गढूळ झाला. सगळं छिन्नीने उकरून काढलं, त्यात काठाची माती पण गेली. आता वजनकाट्यावर मोजून दोन-दोन मिलिमीटरचे थर देतोय, मधे पूर्ण एक दिवस. तिसरा थर काल बसला, काचेसारखा स्वच्छ. तळ्यात हंस, कारंडव, चक्रवाक असे पाणपक्षी असल्याचं वर्णन आहे, मी चक्रवाकाची एक जोडी केली, नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोकं, पक्षी जेमतेम नऊ मिलिमीटरचा. रणांगणात कुणी एवढ्यात पक्षी आणेल का असं घरच्यांनी विचारलं, पण पाणी खरंच पाणी झालंय हे त्या जोडीमुळेच पटतं, म्हणून ते राहणार.

मागच्या सैन्यासाठी एक सेनामुख (जुन्या सैन्यातली एक छोटी तुकडी) धरलंय, ३ रथ, ३ हत्ती, ९ घोडेस्वार, १५ पायदळ. कुणालाच शस्त्र उगारलेलं दाखवलं नाहीये, काहींचे धनुष्य खाली आलेत. अर्जुनासमोरची फळी तेवढी लढतेय. ध्वजांपैकी जयद्रथाचा चांदीचा वराह आधीच तयार होता, भूरिश्रव्याचा यूप (यज्ञाचा खांब) आणि कर्णाची हत्तीची साखळीपण, पण ही मंडळी इथून अजून लांब आहेत म्हणून तिन्ही डब्यात गेले. या बेसवर एकच ध्वज ठळक, कपिध्वज, रिकाम्या रथावर. जू जमिनीला टेकलंय, लगाम धुरेवर नुसते टाकलेत, रथात कुणीच नाही.

राहिलंय ते असं: पाण्याचा शेवटचा थर, पिणाऱ्या घोड्याच्या ओठाभोवतीची वर्तुळं, आणि ओल्या पायांचा रंग गुडघ्यापर्यंत घ्यायचा की थोडा वर. ज्यांनी पाण्यात उभे घोडे केलेत त्यांनी प्लीज सांगा, ग्लॉस वार्निश रेझिनच्या आधी लावलं होतं की नंतर? अर्जुन अजून प्रायमरमध्येच आहे. त्याची मान मी किंचित मागे वळवलीय, बाण समोर, नजर घोड्यांकडे, रंग देताना ती नजर नीट बसली की पुढचे फोटो टाकतो.