सावदा ते बाणावली, व्हाया नानांची मोटर

मडगावला उतरलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं आणि प्लॅटफॉर्मवर पाय टेकत नाही तोच नानांनी खिशातून फोन काढून पहिला कॉल गावी, सावद्याला लावला, "लाईट आली का रे? मग मोटर टाक ना बापा, वाट कोनाची पाहू रायला?" आम्ही सगळे बॅगा मोजतोय, धाकटा झोपेत रडतोय, सासूबाई चप्पल शोधतायत, आणि आमचे सासरे गोव्यात उभं राहून केळीला पाणी देतायत.

खरं तर त्यांचीही चूक नाही म्हणा. मे महिना, मृगबागाचे म्हणजे मृगात लावलेल्या केळीचे घड लटकलेले, कडेला वारा अडवायला शेवरी लावलीय पण वादळ आलं तर शेवरी तरी काय करणार, त्यात नुकतीच आखाजी (अक्षय्य तृतीया) झालेली म्हणजे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, नवा, त्याला अजून कोणता व्हॉल्व कुठला हेही नीट माहीत नाही. नाना यायलाच तयार नव्हते, पण पोरांनी हट्ट धरला आणि नातवंडांपुढे त्यांचं काही चालत नाही.

येताना भुसावळहून गोवा एक्सप्रेस घेतली, दिल्लीहून येते ती, बसलं की मनमाड, नगर, पुणे, मिरज, बेळगाव करत थेट गोव्यात उतरायचं, गाडी बदलायची झंझट नाही. गाडी सकाळी आठच्या सुमाराची, पण नानांनी आम्हाला सहा वाजताच स्टेशनवर नेऊन बसवलं, कारण 2023 च्या जुलैत हीच गाडी मनमाडला दीड तास आधी येऊन 45 लोकांना तिथेच सोडून निघून गेली होती ती बातमी त्यांनी वाचलेली, आणि नाना एकदा वाचलेलं विसरत नाहीत. आता लेट होणाऱ्या गाडीची भीती सगळ्यांनाच असते, लवकर येणाऱ्या गाडीला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी पोरांना दूधसागरचं फार चढवून सांगितलं होतं, 310 मीटरवरून पडतो, गाडी अगदी समोरून जाते वगैरे, पण गाडी तिथून जाते भर अंधारात आणि मे महिन्यात त्याला पाणी ते कितीसं असणार, त्यामुळे खिडकीत आम्हाला फक्त आमचीच तोंडं दिसली. घाट मात्र जाणवतो हं. कॅसलरॉकला जादा इंजिनं जोडली आणि मग गाडी ब्रेकवर कण्हत कण्हत कुळेपर्यंत उतरली. मिस्टरांनी सांगितलं की इथे 37 फूट पुढे गेलं की एक फूट खाली असा उतार आहे, तर वरच्या बर्थवरून नानांचा आवाज, "मग ठिबकचं सगळं प्रेशर खालच्या टोकाले जाईल." मला वाटलेलं ते झोपलेत.

तर मडगावहून बाणावली जवळच, सात-आठ किलोमीटर, तेवढ्यासाठी टॅक्सीवाल्याने जे सांगितलं ते लिहीत नाही, नानांना अजून खरा आकडा माहीत नाहीये. पण माणूस बोलका होता. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारला तो इथे पडला, तेवढा समुद्र मागे हटला आणि जमीन मिळाली, म्हणून बाणावली, असं त्याने मस्त रंगवून सांगितलं. नाना लक्ष देऊन ऐकत होते आणि मग म्हणाले, "एका बाणात एवढं शिवार! आमाले वाटणीचा तुकडा सातबाऱ्यावर चढवाले चार वर्षं लागली."

राहायचं एका घरगुती ठिकाणी घेतलेलं, खाली मालकीणबाई, वर आमच्या दोन खोल्या. आता आम्ही जळगाव जिल्ह्यातली माणसं, 44-45 डिग्रीत लग्नाच्या पंगती उठवलेली, मोबाईलमध्ये गोवा 33 दाखवतोय म्हटल्यावर मी मनातल्या मनात हसलेच होते. सामान वर चढवेपर्यंत साडी पाठीला चिकटली. आमच्याकडे कसं, ऊन भाजतं पण घाम येतो आणि तिथेच वाळतो, इथे घाम येतो आणि राहतोच, पाहुण्यासारखा. सासूबाईंनी भोळेपणाने विचारलं, "बाई, कूलर नाही का हो?" तर मालकीणबाईंना आधी कळेचना, मग त्या म्हणाल्या की इथे कूलर कोणी ठेवत नाही, हवेतच इतकं पाणी आहे की अजून पाणी घातलं तर गादीला बुरशी येईल. बरोबरच आहे, कूलर कोरड्या हवेचा सोबती, वाळ्याच्या ताट्या भिजवून आपण जे सुख भोगतो ते इथे मिळायचं नाही. एसीचे पैसे वेगळे. दिले.

नाश्त्याला मी आणलेले कळण्याच्या पुऱ्या, ठेचा आणि शेव काढली (आम्ही शाकाहारी, त्यात सासूबाईंना मासळीच्या वासाने मळमळतं, म्हणून अर्धी बॅग खाण्याचीच) आणि मग पोरं थांबेचनात, गेलो बीचवर.

समुद्राबद्दल मी काय लिहू, सगळ्यांनी पाहिलाय. पांढरी वाळू, सीझन संपत आलेला म्हणून गर्दी कमी, शॅकवाले खुर्च्या आवरण्याच्या मूडमध्ये. पोरं धावली तशी लाईफगार्डने शिट्टी मारली, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं म्हणाला, लाल झेंडा दिसला तर पाण्यात जायचंच नाही. बरं वाटलं, आपल्याकडे तापीच्या डोहावर कोण शिट्टी मारतं?

नाना लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन उभे. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, तसे एकदम मिस्टरांचा खांदा धरून म्हणाले, "अरे, धूप होऊ रायली." मग वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"याचा ईसी किती असेल रे?"

ज्यांच्याकडे बागा नाहीत त्यांच्यासाठी, ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, खतं सोडताना बघतात. आमच्या बोअरचा ईसी एकदा दीडवर आला होता तर घरात आठवडाभर सुतक. मिस्टरांनी तिथेच मोबाईल काढून सांगितलं, समुद्राचा साधारण 50. नानांनी कितीतरी वेळ समोर पाहिलं, पार टोकापर्यंत, आणि मान हलवली. "एवढं पाणी आन् एक झाड जगणार नाही," असं स्वतःशीच म्हणाले, आणि मग गंमत म्हणजे खाली बसले, पाण्यातच, लेंग्यासकट. धाकट्याने त्यांच्या डोक्यावर वाळू ओतली तरी उठले नाहीत. फोन सासूबाईंच्या पर्समध्ये होता, दोनदा वाजला, त्यांनी उचलला नाही आणि मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं.

संध्याकाळी नाना गायब. शोधलं तर मागच्या अंगणात, मालकीणबाईंच्या केळीच्या बेटापुढे हात मागे बांधून उभे. ती मयड्याची केळी, गोव्याची खास, चांगली जाडजूड, हलवा करतात म्हणे त्याचा. नाना त्यांना सांगत होते की आमच्या जळगावच्या केळीला 2016 लाच जीआय, म्हणजे त्या भागाचा खास माल असल्याचा सरकारी शिक्का, मिळालाय, आणि बाई त्यांना सांगत होत्या की तुमची ती बाजारातली केळी दिसायला छान पण चव नाही. आमच्या घरात हे वाक्य बोलून कोणी जेवलेलं नाही आजवर. पण नानांनी एक केळ सोललं, खाल्लं, दुसरं घेतलं.

"ताई, एखादा मुनवा मिळेल का?" मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, तेच काढून लावतात.

मिस्टर मागून ओरडले, "नाना, सीएमव्ही आला तर? पूर्ण बाग जाईल." सीएमव्ही म्हणजे केळीवरचा व्हायरसचा रोग. नानांनी वळूनही पाहिलं नाही. बाई म्हणाल्या, आज नको, जायच्या दिवशी खणून देते, ओल्या गोणपाटात बांधून, आत्ता काढलं तर सुकून जाईल.

जेवायच्या आधी नानांनी सावद्याला फोन लावला. मोटरचं विचारलं नाही. "घराच्या परसात, मोरीचं पानी जातं ना, तथी एक खड्डा घेऊन ठेव," म्हणाले, "बागेपासून लांब. कशाले ते आल्यावर सांगतो."