तुम्ही विचारलंत म्हणून: संपात पोरांचं काय झालं?

"तुम्ही अंगणवाडीला कुलूप लावून मोर्चाला गेलात, तेव्हा पोरांनी खायचं काय?" लग्नात, एसटीत, ग्रामसभेत हे मला अजून ऐकवलं जातं. बहुतेकांना उत्तर नको असतं, माझी मान खाली गेलेली बघायची असते. तरी एकदा लिहूनच टाकते.

मी अंगणवाडी सेविका. मानधनवाढ वगैरे मागण्या तुम्हाला पाठ आहेत, त्या उगाळत नाही. 4 डिसेंबर 2023ला आम्हा सेविका-मदतनिसांचा संप सुरू झाला तेव्हा सेविकेला महिना 10,000 आणि मदतनिसेला 5,500 मानधन होतं. त्याआधी आठवडाभर, 28 नोव्हेंबरला, दिल्लीत दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल, म्हणजे आम्ही काम कसं करायचं त्याची पद्धत, जाहीर झाला. मूल मान धरतं का, हाकेला वळतं का, हे आधी आम्ही हेरायचं. चांगलंच आहे, मला ते काम आवडतं. पण काम वाढवताना आम्ही शासनाच्या, आणि पैशाचं निघालं की मानसेवी.

आता पोरांचं. आमच्याकडे तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा यायचा, सेरेब्रल पाल्सी असलेला, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेला. मदतनीस मावशी त्याला भिंतीशी उशी लावून बसवायच्या, खिचडी बोटांनी पार लगदा होईस्तोवर मळायच्या आणि गालाच्या कडेने घास सारायच्या. गिळला की मगच पुढचा. एका वाटीला पाऊण तास जायचा. संपात त्याची आई माझ्या दारात आली. "बाई, माझ्या हातनं खात न्हाई ओ तो." मी म्हणाले, कुलूप उघडणार नाही. आवाज चढला होता माझा. राग तिच्यावर नव्हता, पण ऐकून घेतलं तिनेच.

मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरी जाऊन भरवू लागल्या. बीटच्या, म्हणजे आमच्या भागातल्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत बोभाटा झाला. एक ताई उसळल्या, "सरकारला हेच तर पाहिजे! ह्या बाया फुकटात करणारच, हे त्यांना ठाऊक आहे." मी मावशींची बाजू घेतली, शेजारधर्म म्हणून गेल्या असं भांडले. रात्री अंथरुणावर मात्र त्या ताईंचंच पटत होतं.

मावशी आझाद मैदानाला आल्या, ते दिवस आईने कसंबसं निभावलं. 25 जानेवारी 2024ला संप मिटला. वजन घेतलं तर पोरगं घटलेलं. हे मी कुठल्या मोर्चात सांगत नाही.

2017च्या संपात मीच म्हणायचे, पोरांना वेठीला धरू नये. त्या वेळच्या ‘मी’ला आज विचारावंसं वाटतं, मग कुणाला धरायचं? तलाठ्याने फाईल अडवली की तहसीलदाराचा फोन जातो. आमच्या हातात अडवायला आहे काय? ती म्हणेल, आणि काट्यावरचं वजन? तिथे माझी बोलती बंद होते. एप्रिल 2022मध्ये सुप्रीम कोर्टाने आम्हाला ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते म्हणून निकाल दिला, त्याचीही मागणी संपात करावी लागली, हे मी तिला सांगते. तिला ते उत्तर पुरत नाही.

आणि विचारणाऱ्यांनो, तेवढ्या दिवसांत त्या घरी तुमच्यातलं कोण वाटी घेऊन गेलं होतं? हे विचारलं की तुम्ही गप्प होता. मला बरं वाटतं. तुमचा प्रश्न चुकवायला मी हे विचारते, हेही मला कळतं.